फायबर चिकटवणारी बाई

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरलं की डाव्या हाताला एक काचेचं कपाट लागतं. माझ्या अर्जावर मंजूर झालेलं यंत्र त्या कपाटात तीन वर्षं पडून होतं. खोक्यातून काढलं, त्याला हार घातला, फोटो काढला, पेपरात बातमी दिली आणि आत ठेवून कुलूप लावलं. किल्ली विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये. मी रोज त्या कपाटाला पाठ लावून मुलांना लंबकाचा प्रयोग शिकवायचे. वळून पाहिलं की डोकं तापायचं, म्हणून वळायचे नाही.

पहिलं पत्र दिलं तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, महागाची वस्तू आहे. मुलांच्या हातात दिली आणि बिघडली तर जबाबदार कोण?"

"मी," मी म्हणाले.

"तसं नसतं. डेड स्टॉकच्या नोंदवहीत सही माझी आहे."

दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही. तिसऱ्या पत्रावर त्यांनी 'पाहिले' असा शेरा मारला आणि खाली सही केली. ते पत्र माझ्या हातात परत देताना म्हणाले, "तुमच्या समाजातल्या मुली आता फार पुढे जात आहेत, फार चांगलं आहे." 'तुमच्या' या शब्दावर ते नेहमी किंचित थांबायचे. मी 'थँक यू सर' म्हणून बाहेर आले.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. घरी जे इंटरनेट येतं ते काचेच्या बारीक धाग्यातून, म्हणजे फायबरमधून, उजेडाच्या रूपात येतं. आता नखाहून लहान चिपवरसुद्धा उजेडासाठी रस्ते कोरता येतात. तारेतून वीज खेळवावी तसा त्यांच्यातून उजेड खेळवता येतो. अडचण आहे ती फायबर आणि चिप यांच्या मधल्या जागेत. फायबरमधला उजेडाचा रस्ता माणसाच्या केसाच्या आठव्या हिश्शाएवढा असतो, आणि चिपवरचा त्याच्याही वीस पट बारीक. म्हणून चिपच्या दोन्ही तोंडांशी, उजेड आत घ्यायला एक आणि बाहेर काढायला एक, अशी अगदी बारीक रेघांची फणी कोरलेली असते. यंत्राच्या स्टेजवर, म्हणजे बारीक स्क्रूंनी सरकणाऱ्या पट्टीवर, फायबर धरायचा आणि त्याचं टोक वरून, जरा तिरपं, त्या फणीवर आणायचं. नेमकं बसलं तर उजेड फणीवर वळतो आणि आडवा होऊन चिपमध्ये शिरतो. केसाच्या विसाव्या हिश्शाएवढं चुकलं तर अर्धा उजेड वाया जातो. त्याहून जास्त चुकलं तर जवळजवळ काहीच शिरत नाही.

हे मी पुण्यात शिकले. पाच वर्षं तिथल्या प्रयोगशाळेत हेच केलं. तिथे पहिल्या आठवड्यात मी 'मले द्या' म्हणाले आणि खोलीतले चारजण हसले. सहा महिन्यांत मी 'मला' म्हणायला लागले. बीबीला, माझ्या गावी, घरी गेले की आई म्हणायची, "पुन्याची पाव्हनी आली." वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांनी एकदाच विचारलं, तू तिथं नेमकं करते काय? मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे जोडकाम. मंग हात स्थिर पाह्यजे." माझ्या गाइडनेही माझं काम इतक्या थोडक्यात कधी सांगितलं नव्हतं.

चौथं पत्र मी दिलं नाही. मे महिन्याची सुट्टी लागली होती. विभागप्रमुख महिनाभर गावी गेले होते. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने टाकाऊ म्हणून बाजूला काढलेल्या पाच चिप मला कुरिअरने पाठवल्या होत्या. त्यांची डबी घेऊन मी भर दुपारी प्रयोगशाळेत बसले होते. समोर कपाट, मधे काच, आणि यंत्रावर धुळीचा कणही नाही.

धूळ का नाही, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. प्रयोगशाळेच्या परिचर बाई पलीकडे बीकर धूत होत्या. साखरखेर्ड्याच्या. नवरा याच नोकरीत असताना गेला आणि अनुकंपा तत्त्वावर त्यांना ही जागा मिळाली. सगळं कॉलेज त्यांना मावशी म्हणायचं, मीही म्हणायचे. वयाने त्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

"मावशी, हे कपाट आतून कोण पुसतं?"

"मीच पुसतो. दर शनवारी."

"मग किल्ली?"

त्यांनी हात पुसले, पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली. "सायबाची एक अन् ही एक. मले कोनी विचारलंच नाही."

तीन वर्षं मी पत्रं लिहीत होते आणि दुसरी किल्ली माझ्यापासून दहा पावलांवर होती. मला स्वतःचाच राग आला. पत्र नेहमी वरच्या माणसाला लिहायचं, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं.

यंत्र बाहेर काढलं, मांडलं, लेझर सुरू केला आणि पहिलाच घोटाळा झाला. आमची प्रयोगशाळा रस्त्याला लागून आहे. बस गेली की टेबल हलायचं आणि फायबरचं टोक फणीवरून सरकायचं. पलीकडे किती उजेड निघतो ते दाखवणाऱ्या मीटरवरचा आकडा चढायचा आणि बसबरोबर निघून जायचा. पुण्यात यासाठी हवेवर तरंगणारं टेबल असतं. मी दोन दिवस चडफडत बसले. तिसऱ्या दिवशी बाईंनी स्कूटरची एक जुनी ट्यूब आणली. ती अर्धवट फुगवून टेबलावर ठेवली आणि बांधकामावरून आणलेली शहाबादी फरशी वर टाकली.

"आता ठेवा याच्यावर," त्या म्हणाल्या. "गचके ट्यूब खाऊन टाकते."

बस गेली. आकडा हलला, पण पळाला नाही.

नंतर त्या जाईनात. स्टुलावर बसून मायक्रोस्कोपमध्ये पाहू लागल्या. मी स्क्रू कसा फिरवायचा ते दाखवलं. नोकरी लागण्याआधी त्या फॉल-पिको करायच्या, ब्लाउजला हुक लावून द्यायच्या. श्वास सोडला की मगच स्क्रू फिरवायचा, हे मला पुण्यात दोन महिन्यांनी कळलं होतं. त्यांना ते सांगावं लागलं नाही.

"मॅडम, एवढा उजेड आत चालला म्हन्ता, तं दिसत काऊन नाही?"

"हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. लाल रंगाच्याही पलीकडचा आहे."

"मंग तो हाये, हे कसं समजायचं?"

"या आकड्यावरून."

त्यांनी मीटरकडे बराच वेळ पाहिलं. "म्हंजे ह्या आकड्यावर भरोसा ठेवायचा." आणि परत मायक्रोस्कोपला डोळा लावला. चार दिवसांत चिपमध्ये घातलेल्या शंभर भागांपैकी दहा भाग पलीकडच्या फायबरमधून बाहेर यायला लागले. टाकाऊ चिपसाठी ते फार चांगलं होतं. या चिपवर माझ्या हाताने कधी सहाच्या वर गेले नव्हते. हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. निदान एवढं तरी सांगितलं.

खरं काम पुढे होतं. स्टेजवर धरलेला फायबर म्हणजे हातात धरलेलं पाखरू. चिप कुठे न्यायची, वापरायची, तर दोन्ही बाजूंचे फायबर तिला कायमचे चिकटवले पाहिजेत. त्यासाठी निळसर दिव्याखाली कडक होणारा गोंद मी मागवला होता. दिवा नव्हता. शेजारच्या ब्युटीपार्लरमधून नखांची पॉलिश वाळवायचा दिवा मागून आणला. पहिली चिप बसवली, आकडा दहावर आणला, गोंदाचा थेंब सोडला, दिवा लावला. मिनिटाभरात दहाचे दोन झाले. दुसऱ्या चिपला एकावर आलं. तिसऱ्याला शून्यच. गोंद कडक होताना फायबरला ओढून नेत होता. पाचातल्या तीन चिप गेल्या. मी डबी बंद केली आणि म्हणाले, आता पुरे.

बाई म्हणाल्या, "थांबा. गोंद सुकताना आकसून राह्यला. भितीले माती लिपतो ना आपन, जिकडं जाड लागली तिकडं ती ओढते अन् दुसरीकडं भेग पडते. तसंच हाये हे."

"मग काय करायचं?"

"आधी काचेवर पाहू. चिप कायले खराब करता?"

दोन दिवस त्यांनी काचेच्या पट्ट्यांवर फायबरचे तुकडे चिकटवले. प्रत्येक वेळी मायक्रोस्कोपमध्ये पाहून, तुकडा कुठल्या बाजूला किती सरकला ते वहीत काढून ठेवलं. लिहिलं नाही, काढलं. एक रेघ आधीची, एक नंतरची. मग त्यांची रीत ठरली. एका बाजूने थेंब सोडायचा नाही. अर्धा थेंब इकडून, अर्धा तिकडून, सारखे. दिवा आधी हातभर लांब धरायचा, मग हळूहळू जवळ. आणि फायबर मुळातच फणीच्या किंचित वर ठेवायचा, कारण काही झालं तरी गोंद त्याला थोडा खाली ओढणारच.

चौथी चिप त्यांनी बसवली. दिवा लांब धरला, जवळ आणला, बंद केला. दहाचे नऊ झाले. मी ती चिप दोन्ही फायबरसकट उचलली, हलवली, टेबलावर आपटल्यासारखी ठेवली. नऊ.

बाईंनी उठून बीकर पुसायला घेतले, आणि ते आधीच पुसलेले होते.

जूनमध्ये विभागप्रमुख परत आले. उघडं कपाट पाहून आधी चिडले, नंतर मूल्यांकन समिती येणार असल्याचं पत्र आलं तेव्हा खूश झाले. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, हे तर आपलं आकर्षण होईल. पण समितीला दिसलं पाहिजे. तुमचा तो उजेड दिसत नाही म्हणता."

"नाही दिसत, सर. मीटरवर आकडा दिसतो."

"आकडा कोण पाहतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून शोभेचा दिवा आणवला. प्लास्टिकच्या शंभरेक तारांचा तुरा, टोकाटोकाला रंगीत ठिपके, लाल, हिरवे, निळे. तो आमच्या यंत्राशेजारी ठेवला. मी म्हणाले, "सर, याचा आपल्या कामाशी काही संबंध नाही." ते म्हणाले, "संबंध तुम्ही जोडा. तुमचा विषयच तो."

मग पोस्टर. मजकूर मीच टाइप केला. नावं त्यांनी सांगितली: मार्गदर्शक म्हणून प्राचार्य, नंतर ते स्वतः, नंतर मी. मी म्हणाले, "सर, चिकटवण्याची पद्धत परिचर बाईंची आहे. त्यांचं नाव पाहिजे."

ते हसले. "चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याचं नाव पोस्टरवर? समिती म्हणेल, प्राध्यापक काय करत होते?"

"बरोबरच म्हणेल," असं मी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. माझ्या नोकरीच्या कायमपणाची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. मी खोलीत परत आले, तीन नावं टाइप केली आणि प्रिंटचं बटण दाबलं. माझ्या बोटांनी केलेलं ते काम आहे. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

समितीच्या दिवशी बाईंना निळी साडी दिली होती आणि चहाचा ट्रे. तीन सदस्य आले. शोभेच्या दिव्याभोवती दोघे थांबले आणि एकाने मोबाइलवर फोटो काढला. विभागप्रमुख सांगत होते, "हा प्रकाश असा फायबरमधून चिपमध्ये जातो." त्यांचं बोट प्लास्टिकच्या तुऱ्यावर होतं. मी मान खाली घालून उभी होते.

तिसऱ्या सदस्य एक वयस्क प्राध्यापिका होत्या. त्या दिव्याकडे गेल्याच नाहीत. त्यांनी चिकटवलेली चिप उचलली, मायक्रोस्कोपखाली धरली, मीटरवरचा आकडा पाहिला आणि मग मला विचारलं, "गोंद आकसतो तेव्हा हे सरकत कसं नाही? आमच्याकडे दरवेळी सरकतं."

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, आम्ही उच्च दर्जाचा गोंद वापरला." प्राध्यापिकांनी ते उत्तर ऐकलंच नाही, माझ्याकडेच पाहत राहिल्या.

बाई माझ्यापासून चार पावलांवर ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या वेळी एकच शब्द पुरेसा होता. मी हाताने दाखवलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणाले, "आम्ही दोन्ही बाजूंनी सारखा अर्धा-अर्धा थेंब सोडतो, आणि फायबर आधीच किंचित वर ठेवतो."

आम्ही. प्राध्यापिका म्हणाल्या, "फार छान विचार केलात," आणि माझी पाठ थोपटली. बाईंनी कप टेबलावर ठेवले, एकेक, आवाज न करता, आणि बाहेर गेल्या.

समिती गेल्यावर त्या प्रयोगशाळेत आल्या. मी दिव्याची वायर गुंडाळत होते. त्यांनी पदरातली किल्ली काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे काय, मावशी?"

"मले मावशी म्हनू नका. मी तुमच्यापेक्षा लहान हाये."

मी वायर खाली ठेवली.

"मले नाव नको होतं, मॅडम. पोस्टरवर नाव आलं असतं तं सायबानं मलेच तरास दिला असता, हे मले समजते. पन तुमी 'आमी' म्हनल्या ना, तवा माह्याकडं पाहाले पाह्यजे होतं. एकदा. तुमी पाह्यलंच नाही. तुमी तं सायबाकडं पाहून राह्यल्या होत्या."

हे खरं होतं. बोलताना मी विभागप्रमुखांचा चेहरा बघत होते, त्यांना आवडतंय का ते. पुण्यात माझ्या बोलण्याला हसणाऱ्या चौघांचा मी वर्षानुवर्षं राग धरला होता आणि त्या दिवशी मी त्यांच्यातच जाऊन उभी राहिले होते.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानेच सांगितलं, की पोस्टर बदला, नाहीतर मी समितीला लेखी कळवते. आवाज चढला होता. दाराबाहेर दोन शिपाई थांबलेले मला दिसत होते. विभागप्रमुखांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, इतक्या भावनाप्रधान होऊ नका." आठवड्याभरात बाईंची बदली परीक्षा विभागात झाली. पोस्टर तसंच राहिलं. समितीला मी पत्र पाठवलं. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही.

मग मी ते काम लिहून काढलं. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी निघणारं एक लहान इंग्रजी नियतकालिक आहे. त्यात साध्या साहित्यात केलेले प्रयोग छापतात. दोन लेखक: आधी बाई, नंतर मी. ट्यूब, फरशी, नखांचा दिवा, अर्धा थेंब आणि त्यांच्या वहीतल्या रेघांचं चित्र. संपादकांनी दोन्ही लेखकांची सही मागितली.

बाई रजेवर साखरखेर्ड्याला होत्या. रविवारी मी बसने गेले. त्या अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, चहा ठेवला. घरातून सासूने कोण आलं म्हणून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कॉलेजातल्या मॅडम हायेत." मी कागद पुढे केला.

"हे इंग्रजीत हाये. काय लिवलं, सांगा."

मी ओळीने मराठीत सांगत गेले. मधेच त्यांनी थांबवलं. "दिवा हातभर लांब, असं लिवलं? किती वेळ, ते कुठं हाये? ते नाही लिवलं तं करनाऱ्याचं बिघडन." मी तिथेच लिहिलं. पुढे एके ठिकाणी मी 'अनुभवातून' असा शब्द वापरला होता. त्या म्हणाल्या, "अनुभव कायचा? दोन दिवस काचेवर पाह्यलं. पाहून ठरवलं, असं लिवा." मी तेही बदललं.

"आता सही केली तं साहेब काय करन?"

"मेमो देईल. दोघींनाही."

"अन् नोकरी?"

"नोकरी जाणार नाही. पण मी खात्री देऊ शकत नाही."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आज खरं बोलल्या तुमी," म्हणाल्या, आणि सही केली. पूर्ण नावाची, सावकाश.

मेमो खरंच आला. 'यंत्र कोणाच्या परवानगीने वापरले याचा खुलासा करावा.' मी तीन पानं लिहिली, नियम, तारखा, माझी तिन्ही पत्रं जोडली. बाईंचा खुलासा एका ओळीचा होता. 'यंत्र वापरण्यासाठी असते म्हणून वापरले.' प्राचार्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. विभागप्रमुख म्हणाले, "सर, प्रश्न परवानगीचा नाही. एका परिचराने असं काम केलं हे छापून आलं तर कोणी विश्वास ठेवेल का? खोटेपणाचा ठपका कॉलेजवर येईल."

प्राचार्य बाईंकडे वळले. "मग करून दाखवा. आता, इथे. यंत्र मागवतो."

माझ्या मनात एकदम उकळी आली. पाचवी चिप शिल्लक होती. मला वाटलं, दाखवाच यांना, यांची तोंडं एकदाची बंद करा. मी उठलेसुद्धा.

बाई जागेवरून हलल्या नाहीत. "नाही, सर," त्या म्हणाल्या. "मॅडमनं केलं असतं तं तुमी त्याइले असं करून दाखवा म्हनले असते का? आकडा कागदावर हाये. रीत लिवून देली हाये. ज्याले खोटं वाटते त्यानं करून पाहावं."

मी हळूच परत बसले. माझे कान गरम झाले होते, कारण मीही त्यांना करून दाखवायलाच लावणार होते.

प्राचार्यांनी फाइल बंद केली आणि "ठीक आहे, पाहू," म्हणाले. मेमो मागे घेतल्याचं कोणी लिहून दिलं नाही, पुढे काही झालंही नाही. चार महिन्यांनी लेख छापून आला. मी अंक घेऊन परीक्षा विभागात गेले. बाई उत्तरपत्रिकांवर शिक्के मारत होत्या. त्यांनी हात पुसून अंक घेतला, आपलं नाव पाहिलं, पानं उलटून वहीतल्या रेघांचं चित्र जरा वेळ बघितलं.

"परत प्रयोगशाळेत येता का?" मी विचारलं. "मी अर्ज करते."

"नाही. इथं मले सगळे नावानं हाक मारतात. पाच वाजता सुट्टी होते."

"पण तुमचा हात..."

"हात माह्याजवळच हाये ना, मॅडम."

मी अर्ज केला नाही. पण राग गेला नाही आणि तो घालवायचीही माझी इच्छा नाही. आता कॉलेजात कोणी पाहुणा आला की विभागप्रमुख त्याला प्रयोगशाळेत आणतात. शोभेचा दिवा लावतात, चिकटवलेली चिप दाखवतात आणि 'आमच्या विभागाने' म्हणतात. मी त्या वेळी मुद्दाम तिथे थांबते. त्यांचं वाक्य संपलं की मी पाहुण्याला सांगते, दिव्याचा याच्याशी काही संबंध नाही. ही चिप कोणी चिकटवली ते सांगते, बाईंचं पूर्ण नाव, आणि परीक्षा विभाग कुठल्या जिन्याने लागतो तेसुद्धा. विभागप्रमुख घड्याळाकडे पाहतात. माझी फाइल अजून त्यांच्याच टेबलावर आहे.

परवा दोन पाहुणे खरंच वर गेले. दुपारी बाई मला व्हरांड्यात भेटल्या.

"लोकाइले माह्याकडं काऊन धाडून राह्यल्या? शिक्के मारायचे राहून गेले माह्ये."

"पाठवणारच," मी म्हणाले.

"मंग निदान सांगून पाठवत जा. तीन वाजल्यानंतर या म्हना."

तेव्हापासून मी तीननंतरची वेळ सांगते.